अमेरिकेत एकदाच विचारतात

चिंतामण असनारे मास्तरांनी आयुष्यभर अमरावतीच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं कुणा इंग्रजी बोलणाऱ्या माणसाशी ते चार वाक्यं बोलले नव्हते. शाळा तपासायला आलेल्या एका गोऱ्या साहेबाला त्यांनी 'येस सर' म्हटलं होतं, तेवढंच. व्याकरण मात्र असं पक्कं की विचारू नका. आम्ही बुधवाऱ्यात त्यांच्या शेजारी राहायचो, त्यामुळे मला ते शाळेत आणि घरी असं दोन्हीकडून सोसावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी कापसावरच्या किडीचा अभ्यास करायला एक अमेरिकन तज्ज्ञ बायकोसह कॅम्पात राहायला आला. त्या बाईंना बाजारापुरतं मराठी शिकायचं होतं. मास्तरांची त्या कामावर नेमणूक झाली. ठरलं असं की अर्धा तास त्यांनी मराठी शिकवायचं आणि अर्धा तास बाईंशी इंग्रजीत गप्पा मारायच्या. मास्तर कोट घालून, डोक्यावर टोपी घट्ट बसवून सायकलवर निघायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण जन्मभर शिकवलेली भाषा कुणी बोलत नाही.

एकदा बाईंनी त्यांना जेवायला बोलावलं. अंडं घातलेलं काही नाही हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. उकडलेले बटाटे, मटार, आंब्याचं काहीतरी गोड, असा बेत. बाईंनी बटाट्यांचं भांडं पुढे करून विचारलं, घेणार का? मास्तर रीतीप्रमाणे 'नको, नको' म्हणाले. बाईंनी भांडं नवऱ्याकडे सरकवलं. मटारचंही तसंच झालं. आंब्याचं तसंच झालं. मास्तर आपल्या रिकाम्या ताटलीसमोर काटा-चमचा घेऊन बसून राहिले आणि भारतातल्या पावसाच्या प्रमाणाबद्दल बोलत राहिले.

घरी आल्यावर त्यांच्या पत्नीने, गोदाकाकूंनी, त्यांना पातोडीची भाजी आणि भाकर वाढली. काकू संतापल्या होत्या.

"अशी कशी मानसं म्हणायची? पाहुण्याले उपाशी धाडलं!"

"त्यांची काही चूक नाही," मास्तर तोंडात घास घेऊनच म्हणाले. "मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं."

हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. आपल्याकडे 'नको' हे बोलण्याची सुरुवात असते. पाहुणा नको म्हणतो, यजमान वाढतो, पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, यजमान बोटांच्या फटीतून वाढतो, आणि मग दोघांचंही समाधान होतं. तिकडे 'नको' म्हणजे विषय संपला. मास्तर म्हणत, सगळं अमेरिकन वागणं या एका गोष्टीत आलं. मला ते जरा अति वाटायचं, पण मास्तरांना एखादी गोष्ट सापडली की ते ती सोडत नसत.

पुढे शेतकी आणि इंजिनिअरिंग शिकायला इकडची पोरं अमेरिकेला जायला लागली. त्यांच्यासाठी मास्तरांनी दर रविवारी सकाळी ओसरीवर बोलक्या इंग्रजीचा वर्ग काढला. मीही काही महिने बसलो. गेलो मात्र कुठेच नाही. वकील झालो आणि अमरावतीतच राहिलो. त्या वर्गात आम्ही शिकलो की 'कसे आहात' असं कुणी विचारलं तर पोटाची तक्रार सांगायची नाही. पगार विचारायचा नाही, वय विचारायचं नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल का नाही हे तर मुळीच विचारायचं नाही. कुणी कोटाची तारीफ केली तर 'जुनाच आहे, भावाचा आहे' असं न म्हणता आभार मानून गप्प बसायचं. यातलं एकही वाक्य इंग्रजी म्हणून अवघड नव्हतं. वऱ्हाडी माणसाला ते जिभेवर आणणं अवघड जात होतं.

वर्गाचा कळस म्हणजे सांबारवडी, आमच्याकडची कोथिंबिरीची वडी. काकू आतून गरमागरम वड्यांची थाळी पाठवायच्या. मास्तर प्रत्येकासमोर ती धरून इंग्रजीत एकदाच विचारायचे. जो 'नो' म्हणेल त्याच्यासमोरून थाळी पुढे जायची, मग तो कितीही केविलवाणा दिसो. चांदूर बाजारचा खुशालराव म्हणून एक धिप्पाड शेतकऱ्याचा पोरगा होता. त्याने ओळीने तीन रविवार सवयीने 'नो' म्हटलं आणि तीन रविवार इतरांच्या तोंडाकडे पाहत बसला. चौथ्या रविवारी थाळी अजून स्वयंपाकघरातच होती, तर हा उठून ओरडला, "येस! येस प्लीज!"

"आता तू जायला तयार झालास," मास्तर म्हणाले. तो पुढे खरोखरच अमेरिकेत शिकून आला.

मास्तरांना स्वतःला जायचं होतं. हे त्यांनी कधी उघड बोलून दाखवलं नाही, पण परत आलेल्या प्रत्येक पोराला ते खोदून खोदून विचारायचे. तिकडे बसचा ड्रायव्हर खरंच अनोळखी माणसाला गुड मॉर्निंग म्हणतो का? दुकानात काही घेतलं नाही तरी थँक यू म्हणतात का? आपण शिकवतो ते खरं आहे का, एवढं एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावं अशी त्यांची इच्छा होती. पण मास्तराला अमेरिकेत कोण बोलावणार?

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात बोलावणारा माणूस घरी आला. पीटरसन नावाचे प्राध्यापक. त्यांच्या विद्यापीठात मराठी शिकवायला सुरुवात झाली होती, आणि तिथे शिकणाऱ्या मास्तरांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना हे नाव सांगितलं होतं. पीटरसनना पुस्तकी मराठी थोडंफार येत होतं. दुपारच्या जेवणाला मास्तरांनी मलाही बोलावलं. काकूंनी रोडगे केले होते. त्या पीटरसनना आग्रह करकरून वाढत होत्या आणि तो भला माणूस दोन वेळा नको म्हणून तिसऱ्या वेळी हसत घेत होता. इकडची रीत त्याला चांगलीच ठाऊक होती.

हात धुऊन आम्ही ओसरीवर बसलो. पीटरसननी सुपारीचं खांड उगाच हातात धरलं आणि इंग्रजीत सरळ विचारलं, "मिस्टर असनारे, दोन वर्षांसाठी आमच्याकडे येऊन मराठी शिकवाल का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. आणि त्याच चेहऱ्याने ते म्हणाले, "छे, छे, प्रोफेसर! मी म्हातारा माणूस. मी कुठला तिकडे? तुम्ही एखादा तरुण माणूस न्या."

"समजलो," पीटरसन म्हणाले. "असा कुणी तरुण तुमच्या माहितीत आहे?"

मास्तर अगदी यजमानाच्या उत्साहाने म्हणाले, "आहे ना. धर्मपाल. माझाच विद्यार्थी. नागपूरला मराठीत एम.ए. झाला, आता अकोल्याला प्राध्यापक आहे. इंग्रजीही उत्तम बोलतो." पीटरसननी पत्ता घेतला, काकूंना नमस्कार केला, मास्तरांशी हात मिळवला आणि गेले.

टांगा वळणाआड गेला तरी मास्तर दारातच उभे होते. काकू आतून पदराला हात पुसत आल्या.

"काहून नाही म्हटलं तुमी?"

"अगं, एकदम हो कसं म्हणायचं? मला वाटलं, पुन्हा विचारतील."

मला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. सगळ्या वऱ्हाडाला ज्याने हे पढवलं, तोच माणूस स्वतःच्या ओसरीवर, स्वतःच्या जागी बसून चुकला होता.

दोन दिवस मास्तर ओसरीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्यांची टोपी आणून समोर ठेवली. "तो सायब अकोल्यालेच असन. जा आन् सांगा त्याले. लाजता कायले? चोरी करून राहिले का?"

माझी त्या दिवशी अकोल्याच्या कोर्टात तारीख होती, म्हणून मी सोबत गेलो. बडनेऱ्याला पॅसेंजर पकडली. मूर्तिजापूरपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग एकाएकी म्हणाले, "मला जायचंय रे. फार जायचंय. मला वाटलं नव्हतं इतकं जायचंय." एवढ्या मोठ्या माणसाला असं बोलताना ऐकून मला कसंसंच झालं. मी म्हणालो, होईल सगळं नीट. दुसरं काय म्हणणार?

अकोल्याच्या विश्रामगृहात पीटरसन सामान आवरत होते. मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की त्या दिवशी मी नाही म्हणालो, पण मला हो म्हणायचं होतं. पीटरसन खाटेच्या कडेवर बसले. त्यांना खरोखर वाईट वाटलं, हे दिसत होतं.

"इथे दुसरा कुणीही असता तर मी तीन वेळा विचारलं असतं," ते म्हणाले. "पण तुमच्या विद्यार्थ्याने मला तुमच्या वर्गाची गोष्ट सांगितली होती. मला वाटलं, हा एकच गृहस्थ असा आहे की ज्याचं 'नाही' आपण खरं मानलं पाहिजे." जागा एकच होती. काल त्यांनी धर्मपालला विचारलं होतं आणि त्याने तिथल्या तिथे हो म्हटलं होतं.

मास्तरांनी त्यांचे आभार मानले, प्रवास सुखाचा होवो म्हणाले. उच्चार अगदी निर्दोष होते. बाहेर आल्यावर मी म्हटलं, चला स्टेशनवर. तर म्हणाले, "नाही, पोराचं अभिनंदन करून जाऊ. आणि हे बघ, यातलं त्याला काही कळता कामा नये."

मोर्णा ओलांडून आम्ही जुन्या शहरात गेलो. एका बोळात धर्मपालची भाड्याची खोली होती. बाळापूरकडच्या खेड्यातली त्याची आई, पार्वताबाई, त्याच्यासोबत राहायला आली होती. धर्मपालच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला होता. मास्तरांच्या ओसरीवर तो वर्षभर बसला होता, पण मास्तर त्याच्या घरी पहिल्यांदाच येत होते. त्याने धावत येऊन नमस्कार केला, खुर्ची पुढे केली. माझ्यासाठी पेटी ओढली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. पार्वताबाई आतल्या दाराशी उभ्या राहिल्या.

मास्तर तोंड भरून बोलले. शाब्बास म्हणाले, तिकडे थंडी फार असते म्हणाले. पण शेवटी त्यांच्याने राहवलं नाही.

"साहेबाने विचारलं आणि तू लगेच हो म्हटलंस? एकदाही 'बघतो', 'कळवतो' काही नाही?"

धर्मपाल मोकळेपणाने हसला. घरात होता म्हणून असेल, तो घरच्याच बोलीत बोलला. "सर, आमाले दुसऱ्यांदा कोन विचारते? गावात लग्नाची पंगत उठली की आमी आंगनाच्या बाहेर बसत होतो. वाढनारा दुरूनच विचारे, पाहिजे का? लाजून नाही म्हटलं की तो गेला पुढं. परत फिरून पाहत नसे. मायनं लहानपनीच सांगून ठेवलं होतं, पयल्या खेपेलेच हो म्हनत जाय. तुमच्या क्लासात बाकीच्यायले ते लय जड गेलं. मले नाही गेलं."

हे तो तक्रार म्हणून बोलला नव्हता. झालं ते सांगितलं, इतकंच. आग्रह म्हणजे आपल्याकडची केवढी गोड रीत, असं मी तोवर समजत होतो. तो कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, हे काही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात पार्वताबाईंनी पदर सारखा केला. त्या मास्तरांकडे न पाहता, चौकटीकडे पाहत हळूच म्हणाल्या, "सर, चाय मांडू का?"

मास्तरांच्या ओठांवर 'नको' आलेला मला दिसला. 'आत्ताच घेऊन आलो', 'कशाला त्रास', हे सगळं आमच्या जिभेवर तयारच असतं. बुधवाऱ्यात कुणी म्हटलं असतं तर काकूंनी ते ऐकलंही नसतं. पण ही बाई एक शब्द न बोलता आत गेली असती. असा नकार तिने जन्मभर ऐकला होता आणि त्याचा अर्थ तिला पुरता माहीत होता.

"हो," मास्तर घाईघाईने म्हणाले. "हो, घेतो. साखर जास्त टाका."

पार्वताबाई तिथेच उभ्या राहिल्या. आपण ऐकलं ते खरं की काय, म्हणून त्यांनी एकवार मुलाकडे पाहिलं. मुलगा त्यांच्या शेजारीच उभा होता, तरी त्या साऱ्या बोळाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "धर्मा, सर चाय घेतो म्हनतेत रे!"