दोर उतरवला तो दिवस

सतराव्या वर्षी मला कुणी विचारलं असतं की तुझा देवीवर विश्वास आहे का, तर मी विषय बदलला असता. आमचं घर अमरावतीत, अंबादेवीच्या देवळाजवळ. वडील भिक्षुकी करायचे. तिथी-मुहूर्त विचारायला दारात रोज कुणी ना कुणी उभं असायचंच. अशा घरात वाढूनही माझं सगळं लक्ष व्यायामशाळेच्या छताला टांगलेल्या दोराकडे लागलेलं असे. दोराच्या मल्लखांबात माझी पकड पक्की होती. पायाच्या अंगठ्यात एकदा दोर धरला की मला खालची जमीन आठवायची नाही. पूजेला बसवलं की मात्र डुलक्या यायच्या.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची ही गोष्ट. देशी खेळांचे प्रयोग करणारी एक कंपनी सिलोनला निघाली होती आणि तिला पगारी मुली हव्या होत्या. परमुलखात, पगार घेऊन, लोकांसमोर खेळायचं! आमच्या आळीला कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. वडिलांचा होकार मिळाला तो बाईंमुळे. बाई अकोल्याला मुलींना मल्लखांब शिकवायच्या आणि कंपनीच्या मुलींबरोबर त्याच जाणार होत्या. मूळच्या बाळापूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, बोलायला एकदम रोखठोक. आमच्या ओसरीवर बसून त्या म्हणाल्या, "महाराज, पोरगी माह्या नजरेखाली राह्यन. तिले काई झालं तं मले इचारा." वडिलांनी हातातलं पंचांग मिटलं. मग म्हणाले, "एकच हंगाम. नंतर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही." निघताना त्यांनी घट कोणत्या दिवशी बसतात ते बाईंना सांगून ठेवलं आणि नवरात्र पाळण्याविषयी बजावलं.

कोलंबोत मी मजेत होते, खोटं कशाला सांगू. समुद्र पाहिला, नारळाच्या रसातला भात खाल्ला, टाळ्या ऐकल्या. एकच रुखरुख होती, की हे सगळं एकाच हंगामाचं. म्हणून मला प्रयोगातली शेवटची, सगळ्यात अवघड चढाई हवी होती. छताजवळ जाऊन एका पायाच्या पकडीवर उलटं लटकायचं आणि दोन्ही हात सोडायचे. नवरात्रात एका सकाळी मॅनेजरांनी ती मला दिली. त्याच संध्याकाळी खेळायची होती. मला आभाळ ठेंगणं झालं.

पण त्या दिवशी, बाईंनी मुक्कामी बसवलेल्या आमच्या घटावर नववी माळ चढली होती. म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं-अवजारं पूजेला मांडतात आणि मग त्यांना कामाला लावत नाहीत. बाईंनी सकाळीच लेझीम आणि लाठ्या मांडल्या आणि दोर खाली उतरवायला सांगितला. मॅनेजर सांगलीकडचे, शांत माणूस, पण तेही चिडले.

"अहो, सगळी तिकिटं खपलीत. इथं परदेशात कोण बघतंय तुमची नवमी?"

"कोनी पाहो का न पाहो. आजच्या दिवशी आमचा बाप वखराले हात लावत नाई, आन् आमी दोराले लावू? जमत नाई."

"मग उद्याच्या बोटीनं परत जा सगळ्याजणी!"

"जाऊ," बाई म्हणाल्या.

मला रडू कोसळलं. देवीला अडवायला नेमका माझाच खेळ दिसला का, असं मनात आलं. रागारागातच मी दोराला हळद-कुंकू लावायला बसले. खालून वर बोटं फिरवत आकड्याला अडकवतात त्या टोकाला आले. दोर घासू नये म्हणून तिथं गोणपाट गुंडाळलेलं होतं. ते ओलसर लागलं म्हणून मी उलगडलं. आतला दोर काळा पडला होता. समुद्राची दमट हवा त्यात मुरली होती. चिमटीत धरले तर धागे मऊ भुशासारखे सुटून आले.

मी हाक मारली नाही. ते टोक उचलून बाईंसमोर धरलं. बाईंनी पाहिलं आणि मॅनेजरांना बोलावून आणलं. मॅनेजरांनी ते टोक हातात घेतलं, छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्या संध्याकाळी आम्ही काहीही हातात न घेता मनोरे रचले आणि शिवाय फुगड्या घातल्या. लोकांनी फुगडी पुन्हा घालायला लावली. दुसऱ्या दिवशी नवा दोर चढला आणि माझी चढाई झाली.

हंगाम संपवून घरी आले तेव्हा बाईही सोबत होत्या. आईने सगळं ऐकलं आणि उठून मला जवळ घेतलं. वडिलांनी मात्र तो दिवस कोणता, हे दोनदा विचारून घेतलं. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी नवमी नव्हती. अष्टमी होती. इथं मी स्वतः अष्टमीच्या होमाला बसलो होतो. यंदा एक तिथी दोन दिवस आली. म्हणून नववी माळ अष्टमीलाच पडली."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माय! म्हंजे खऱ्या नवमीले आमी पोरीले दोरावर चढवलं?"

"चूक माझी. घट बसायचा दिवस सांगितला, वाढलेली तिथी सांगायची राहिली." तिथीच्या बाबतीत वडील कधी काही विसरल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. घटकाभराची चूक झाली तरी प्रायश्चित्त सांगणारा तो माणूस. आता मोठं काहीतरी करायला लावणार, अशा भीतीने मी मान खाली घालून बसले. ते उठून देवघरात गेले. बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले होते. बाईंसमोर हात जोडून म्हणाले, "ती सांगायची राहिली नसती, तर त्या संध्याकाळी ही त्याच कुजक्या दोरावर असती. पुढचा दौरा कधी आहे? पोरगी येईल."

हा चमत्कार होता का, ते मला सांगता येत नाही. वडिलांनीही तो शब्द कधी वापरला नाही. पुढे मी कितीतरी वर्षं खेळले, आणि चढण्याआधी दोराचं वरचं टोक हाताने तपासल्याशिवाय कधी चढले नाही. आपल्याला जमेल तेवढी काळजी घ्यावी, तिथी मोजाव्यात, नेम पाळावेत. आणि त्यातही चुकलोच तर ती चूक देवीच्या पायावर ठेवून मोकळं व्हावं. माझं सगळं आयुष्य अशाच एका चुकीवर सुखाने उभं राहिलं, आणि त्यासाठी मी रोज तिला हात जोडते.