सलीमच्या आईची आफिया

सफ्रू गावाच्या खालच्या आळीत अल्लालची भट्टी होती, आणि त्याच्या घरात दिवसाचा पहिला शब्द 'आफिया' हाच असायचा. आफिया म्हणजे आग. "आफिया धरली का?" "लाकूड काढा, आफिया फार झाली." आळीतल्या बायका सकाळी पाव थापून, फळीवर मांडून, वर फडकं टाकून भट्टीवर पाठवायच्या आणि अल्लाल ते भाजून द्यायचा. त्याची मुलगी बतूल त्या धगीशेजारीच लहानाची मोठी झाली. तिला हा शब्द कुणी शिकवायची गरजच नव्हती, आणि घोळ झाला तो त्यामुळेच.

बतूल बाकालोरियाच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या, वर्गात होती. उस्ताद झरूक यांनी वर्गाला एक कादंबरी लावली होती, शामकडची, म्हणजे पार पूर्वेच्या अरब मुलखातली, जुनी, बंदरावरच्या कुठल्याशा गावातली. बारीक अक्षर, लांबलचक वाक्यं. पहिल्याच पानावर सलीम नावाचा तरुण घराबाहेर पडतो आणि वाटेत भेटेल त्याला म्हणतो, "अल्ला तुला आफिया देवो." हमालाला म्हणतो, न्हाव्याला म्हणतो. तेही हसतमुखानं त्याला तेच म्हणतात. बतूलनं पुस्तक मिटून कव्हर पाहिलं. हे खरंच शाळेनं लावलंय? पुन्हा उघडलं, तर पुढच्या पानावर भट्टीवाल्यालाही तेच.

ती भट्टीवर गेली. "बाबा, तुम्हाला कुणी म्हटलं, अल्ला तुला आफिया देवो, तर?"

"माझ्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहून?" अल्लालनं पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं उचलून दाखवलं. "हे पाठीत बसेल त्याच्या."

"पुस्तकातला भट्टीवाला तर 'तुम्हालाही' म्हणतो."

"मग बहिरा असेल बिचारा. असल्या पुस्तकांच्या परीक्षा घेतात तुमच्या?"

बतूल बिचारी चिकाटीची. वाचत राहिली. न समजलेलं पुस्तक अर्ध्यावर सोडायला ती काही उस्तादांची लाडकी विद्यार्थिनी नव्हती. पण सलीम बोटीवर निघतो ते पान आलं आणि ती पार चक्रावली. आई उंबऱ्यात उभी राहते, त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, "जा. अल्ला तुला आफिया देवो." आणि हा शहाणा काय करतो? तिचे हात चुंबतो, डोळे पुसतो आणि छाती पुढे काढून चालू लागतो! सफ्रूत आईनं असं म्हटलं तर त्या मुलाला लोक 'मस्खूत' म्हणतात. आईबापांनी शापलेला. त्याचं पुढं काही धड होत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

बतूल रोज संध्याकाळी आईला गोष्ट सांगायची. हनियाला वाचता येत नव्हतं, पण गोष्टीचं वेड भारी. कुस्कुसचा रवा हातानं वळता वळता ती सलीमची पोरीपेक्षा जास्त काळजी करायची. त्या दिवशी मात्र तिचे हात थांबले.

"काय म्हणाली त्याची आई?"

"अल्ला तुला आफिया देवो."

"असंच लिहिलंय? नीट बघ."

"असंच आहे गं."

"पुढं काय होतं पोराचं?"

बतूलनं शेवट आधीच वाचला होता. बोट बुडते, सलीमही. तिला खूप रडू आलं होतं, पण मनातून थोडं बरंही वाटलं होतं, की चला, या पुस्तकात एक तरी गोष्ट जगासारखी घडली. आईनं शाप दिला, मुलगा गेला. तिनं ते तसंच सांगून टाकलं. हनिया रव्याची परात तशीच टाकून आत गेली, आणि त्या दिवसापासून तिच्या घशाखाली धड घास उतरेना.

बतूलला मग आठवलं, आणि स्वतःच्या जिभेचा राग आला. तिचा थोरला भाऊ हमादी भट्टी सोडून इटलीला गेला, त्या दिवशी उंबऱ्यात केवढं भांडण झालं होतं. हनियाचा राग म्हणजे काय विचारता. तो बॅग उचलून निघाला तसं तिनं पाठीमागून ओरडून हेच म्हटलं होतं, अगदी शब्दशः. तेव्हापासून हमादी रविवारी सी लहसनच्या किराणा दुकानात फोन करायचा, अल्लाल आणि बतूल धावत जायचे, आणि हनिया म्हणायची, "सांगा, पीठ मळतेय." सगळ्यांना वाटायचं, बाई अजून धुसफुसतेय.

"राग कसला गं," ती आता म्हणाली. "भीती वाटते मला. पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा तसलंच काही निघालं तर? तोही समुद्र ओलांडूनच गेलाय ना."

बतूलनं तिला पुष्कळ समजावलं, की ही नुसती गोष्ट आहे. हनिया म्हणाली, "नुसती गोष्ट असती तर शाळेत कशाला शिकवली असती?"

वर्गात उस्तादांनी विचारलं, "सलीमच्या मृत्यूला जबाबदार कोण?" कुणी वादळ म्हणालं, कुणी बोटीचा मालक. बतूल उभी राहिली. "त्याची आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "एवढा राग होता तर दार लावून घ्यायचं होतं. शाप कशाला द्यायचा?" पाचसहा माना हलल्या.

"शाप? कुठल्या पानावर?"

तिनं पान दाखवलं. उस्तादांनी वाचलं, चष्मा काढला, हसणार होते, पण पोरीचा चेहरा पाहून थांबले. "शुक्रवारी इमामसाहेब दुआ करतात, त्यात काय मागतात?"

एकानं म्हणून दाखवलं, "हे अल्ला, आम्ही तुझ्याकडे क्षमा आणि आफिया मागतो."

"मग? अख्खं सफ्रू दर शुक्रवारी आग मागतं का?"

"मला वाटायचं, आगीपासून वाचव असं काहीतरी असेल," मागून एकजण पुटपुटला.

"अरे, आफिया म्हणजे खुशाली, धडधाकटपणा. आगीचं नाव घ्यायला आपली माणसं घाबरली आणि तिला हे गोड नाव देऊन बसली. ती बाई पोराला आशीर्वाद देतेय!"

वर्ग खो खो हसला. बतूलला हसू आलं नाही. तिनं एवढ्या कष्टानं जुळवलेलं अख्खं पुस्तक उसवलं होतं. "पण उस्ताद, आशीर्वाद दिला होता, तर तो बुडाला का?"

उस्तादांनी चष्मा पुसला. "हा प्रश्न परीक्षेत येत नाही," ते म्हणाले.

ती धावतच घरी आली. हनियाचा विश्वास बसेना. "माझ्यासाठी रचून सांगतेस."

"बाबांना विचार. दर शुक्रवारी आमीन म्हणतात ते."

"म्हणतो," अल्लाल दारातून म्हणाला. "सगळे म्हणतात म्हणून म्हणतो."

हनियानं रव्याची परात पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "पण मी आगच म्हणाले होते गं. माझ्या मनात आगच होती." आणि थोड्या वेळानं, "वर कुठली बोली समजतात? आपली की पुस्तकातली?"

"पुस्तकातली. कुराणाचीच ना ती."

"म्हणजे माझ्या तोंडून आग निघाली आणि वर पोचली ती खुशाली?"

बतूलला खरंच कळत नव्हतं. तिनं मान डोलावली.

"आणि सलीमच्या आईनं तर मनापासून खुशालीच मागितली होती. मग तिचा पोरगा का गेला?"

"माहीत नाही, आई. उस्तादांनाही माहीत नाही."

हनिया कितीतरी वेळ पुस्तकाच्या कव्हरकडे बघत राहिली. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

रविवारी तिनं स्वच्छ, पायघोळ जलाबा अंगावर चढवला आणि सगळ्यांच्या पुढे चालत सी लहसनचं दुकान गाठलं. फोन उलटा धरला, बतूलनं सुलटा करून दिला.

"हॅलो? बतूल?"

"मी आहे," हनिया म्हणाली. मग तिनं ठेवणीतली वस्तू काढावी तसे ते शब्द काढले. "अल्ला तुला आफिया देवो, पोरा."

सी लहसनच्या हातातला साखरेचा पुडा तसाच राहिला. पलीकडून हमादीचा आवाज आला. अगदी लहान मुलासारखा, "अजून रागावलीस, आई?"

बतूल फोन हिसकावायला पुढे झाली. हनियानं तिला कोपरानं दूर लोटलं. ती हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. "अरे वेड्या, आपल्या भट्टीतली नव्हे, पुस्तकातली! तुझी बहीण वाचतेय. एक सलीम असतो, तो बोटीनं जातो, आणि त्याची आई त्याला असं म्हणते. तिकडे तो आशीर्वाद असतो."

"कोण सलीम? मला काही कळत नाहीये, आई."

"आम्हाला तरी कुठं कळलंय."

तो हसला, नाक ओढत. "बरं, शेवटी काय झालं त्या सलीमचं?"

हनियानं बतूलकडे पाहिलं. बतूलनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"आला की परत," हनिया म्हणाली. "आईकडे आला."