आबांचं नाक आणि अकरावी विहीर

धुळे आणि जळगाव मिळून दोन जिल्ह्यांत असा एकच माणूस असेल, जो पाण्याचा वास घेतल्याशिवाय कोणाच्याही सुखदुःखात सामील होत नाही. ते धरणगावच्या बाहेर माझ्या आत्याच्या शेजारी राहतात आणि सगळे त्यांना आबा म्हणतात.

आबांनी जन्मभर विहिरींवरचे पंप दुरुस्त केले. वस्तीच्या वरच्या अंगाला डिझेलचा एक बंद डेपो आहे. त्याच्या जमिनीतल्या टाक्या वर्षानुवर्षं पाझरल्या आणि मालक फाटकाला कुलूप लावून निघून गेला, जणू डिझेलला फाटक कळतं. तेव्हापासून आबांच्या खांद्यावर गाठी मारलेली दोरी आणि खिशात झाकणाची बाटली असते. कोणाकडेही गेले की आधी विहिरीत दोरी, मग बाटली, मग नाक, आणि त्यानंतर "घरना बठ्ठा कसा शेतस?" ही विचारपूस. मयताच्या घरीही हा क्रम बदलत नाही. वास आला की कठड्यावर लाल फुली. अशा दहा विहिरी बाद झाल्या. अकरावी आबांची स्वतःची, आणि आता सगळी वस्ती तिच्यावरच पाणी भरते.

जमिनीखाली काय चाललंय हे आबा जेवताना समजावतात. एकदा पाहणीला आलेले साहेब आत्याकडे शेवभाजी खायला बसले. आबा म्हणाले, "साहेब, तर्री म्हंजे डिझेल, खालना रस्सा म्हंजे आपलं पानी. आते ताट वाकडं करा." साहेबांनी केलं. तर्री थेट पँटीवर. "दखा," आबा शांतपणे म्हणाले, "उतार कोनीकडे शे ते समजनं ना?" साहेबांच्या अहवालात मात्र 'पाहणी केली' एवढंच आलं. असले अहवाल लिहिणाऱ्यांना महिनाभर त्याच विहिरींचं पाणी पाजावं, असं माझं आजही स्पष्ट मत आहे.

माझे वडील पत्रकं छापायचे. 'जागे व्हा' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. त्यामुळे मी लगेच दोन पानी जळजळीत पत्रक लिहिलं. आबांनी ते वाचलं, मग उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "बेटा, तुना कागदमा आग भलती शे," ते म्हणाले, "पन पानी कितलं खोल शे हाई कोठेच नही." पुढचे आठ दिवस मी त्यांच्यामागे दोरीच्या गाठी मोजत हिंडले. दुसऱ्या पत्रकात विशेषणं चारच उरली.

नाक चुकत नाही असं नाही. शिंदखेड्याच्या एका लग्नात आबांनी बसलेली पंगत उठवली. "पानीले वास शे." टँकर परत गेला, वऱ्हाड उपाशी, नवरदेव फिक्कट. शेवटी आत्याने आबांचा हात धरून बोटं हुंगली. सकाळी त्यांनी पंपाचे सुटे भाग डिझेलमध्ये धुतले होते. "आबा, वास पाण्याला नाही, तुम्हाला येतोय," आत्या म्हणाली. तेव्हापासून आबा चिंचेने हात घासल्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत आणि शिंदखेड्याला जात नाहीत.

परवा त्यांनी मला अंगणात बोलावलं आणि भरलेली बाटली पुढे केली.

"कोणती विहीर?" मी विचारलं.

"मनी. अकरावी. मनं नाक मनी विहिरनी बाजू लेई. तू ले वास."

मी घेतला. फार नव्हता, एसटी स्टँड जवळ आल्यावर लांबून डिझेलचा येतो, एवढाच. मी मोठ्या आशेने त्यांची बोटं हुंगली. नुसती चिंच.

पत्रकात मी भल्याभल्यांना तोंडावर सुनावते. आबांसमोर मात्र बाटलीचं झाकण घट्ट लावत बसले. "समजनं," ते म्हणाले. त्यांनी रंगाचा डबा आणला आणि स्वतःच्या कठड्यावर फुली काढली, इतर दहांपेक्षा जरा लहान. मग दोरी सोडली, गाठी मोजल्या. "नऊ. लिख." मी लिहिलं.

त्यानंतर त्यांनी मला प्यायला पाणी दिलं, दुकानातून आणलेल्या जारचं. देण्याआधी सवयीने पेल्यात नाक घातलं, आणि मग पुन्हा एकदा घातलं.

"याले," ते म्हणाले, "कशानाच वास नही."