न धरलेला उपास

त्या वर्षी माझं वजन अठ्ठ्याऐंशी किलोवरून एकोणऐंशीवर आलं होतं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याची सुरुवात या खुशीतच आहे. लहानपणापासून मी आमच्या चर्चच्या मंडळीतला ‘गोलू’ होतो. ख्रिसमसच्या नाटकात मला कायम मेंढपाळ करायचे, कारण देवदूताचा झगा मला बसायचा नाही. तर हा गोलू आता हाफ मॅरेथॉन धावणार होता.

दिवस असा असायचा : सकाळी साडेपाचला गंगापूर रोडने धावत निघायचं, परत येताना जिम, मग दहा ते पाच कॉलेजची प्रयोगशाळा. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. माझा प्रकल्प होता साठवलेला कांदा सडवणाऱ्या जीवाणूंवर. विंचूरहून कांद्याच्या पिशव्या आणायच्या, त्या सडू द्यायच्या आणि सडल्या की आनंद मानायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी घरसभा, रविवारी उपासना. जिममध्ये माझ्या अंगाला कांद्याचा वास यायचा, प्रयोगशाळेत घामाचा, आणि घरसभेत बहुधा दोन्हींचा. तरी घरसभा चुकवायची नाही असा आईचा दंडक होता. वडील गेल्यावर मंडळीनेच आम्हाला धरून ठेवलं होतं आणि आई ते मला विसरू देत नसे.

घरसभा म्हणजे दर वेळी एकेका कुटुंबाकडे जमायचं. गीतं, शास्त्रवाचन, मग ज्याच्या त्याच्या अडचणी विनंती म्हणून मांडायच्या, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, आणि शेवटी चहा-नाश्ता. हा नाश्ता फार महत्त्वाचा. घरच्या बाईने दुपारपासून खपून केलेला असतो आणि तो नाकारणं म्हणजे त्या घराला नावं ठेवणं. मी मात्र जिमच्या कोचच्या सांगण्यावरून संध्याकाळी सहानंतर काही खात नव्हतो. थेट दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तोंड उघडायचं. पहिले काही आठवडे ‘पोट बिघडलंय’ असं सांगून वेळ मारून नेली. पण माणसाचं पोट किती दिवस बिघडणार?

मग लेंट सुरू झाला. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस आमच्याकडे उपासाचे. सगळेच काही धरत नाहीत. कुणी मटण सोडतं, कुणी चहा, कुणी एक वेळचं जेवण सोडून तो वेळ प्रार्थनेत घालवतं. त्या मंगळवारी ज्यांच्याकडे सभा होती त्या बाई माझ्यासमोर बटाटेवड्यांची बशी घेऊन उभ्या राहिल्या. मी हात मागे घेतला. त्यांनी कपाळाला आठी घातली आणि म्हणाल्या, “लेंट धरलाय का?”

मी मान हलवली. बस, एवढंच. तोंडाने एक शब्दही बोललो नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच समजावत होतो, की आपण खोटं बोललोच नाही.

बाईंच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी बशी बाजूला ठेवून माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवसांत गोष्ट चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत पोचली आणि रविवारी उपदेशात ते म्हणाले, की आपल्या तरुणांमध्ये असाही एक आहे जो शिक्षणाच्या एवढ्या धबडग्यात रोज संध्याकाळचं अन्न सोडून प्रभूजवळ बसतो. नाव घेतलं नाही, पण सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. मला लाज वाटायला हवी होती. वाटलं काय, तर मी पाठ ताठ केली. उपासनेनंतर एक आजी म्हणाल्या, चेहऱ्यावर कसं तेज आलंय बघा. ते तेज वजन उतरल्याचं होतं. गालांची हाडं दिसायला लागली होती. मी नम्रपणे खाली बघून हसलो. ते हसू आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता मावशीबद्दल. ती माझी सख्खी मावशी नव्हे, अख्ख्या मंडळीची मावशी. निफाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन नाशिकला आली, तरुणपणीच विधवा झाली, तीस वर्षं एका दवाखान्यात आया म्हणून राबली आणि निवृत्त झाली. मूलबाळ नाही. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, तिनेच मला पहिली प्रार्थना शिकवली होती. मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायचो म्हणून माझे डोळे आपल्या तळहाताने झाकायची. तिच्या हाताला फिनेलचा वास यायचा.

लेंटच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या प्रकल्पाचे बारा वाजले. जीवाणू वाढवायच्या सगळ्या प्लेटांमध्ये बुरशी शिरली आणि दोन महिन्यांचं काम गेलं. गाईड मॅडम म्हणाल्या, एप्रिलपर्यंत नव्याने निष्कर्ष आले नाहीत तर वर्ष गेलं समज. आईने शुक्रवारच्या घरसभेत ही विनंती मांडली. प्रार्थना झाली. मग मावशी गुडघ्यावर हात टेकत उठली आणि म्हणाली, “एवढं एकलं पोरगं उपास धरतंय. म्या बी धरते त्याच्यासंगं. ईस्टरपत्तोर सांजचं जेवान बंद. तो पास झाला पायजे, बास.”

सगळे ‘आमेन’ म्हणाले. मी मात्र हबकलो, कारण मावशीला मधुमेह होता आणि ती संध्याकाळी जेवणाआधी एक गोळी घ्यायची. हे मला माहीत होतं. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर कुठवर खाली जाऊ शकते हेही माहीत होतं. जिममध्ये मी याच विषयावर लोकांना फुकटची व्याख्यानं द्यायचो. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, “मावशी, तू उपास करू नकोस, माझा उपास हा उपास नाही.” नुसता पहिला अर्धा भाग बोललो असतो तर ती ऐकणारी नव्हती. ‘तू धरलास तर मी का नाय’ असं म्हणाली असती. दुसरा अर्धा बोलायला लागला असता, आणि तो समोर बसलेल्या वीस माणसांच्या देखत माझ्या तोंडून निघेना.

बाहेर चपला घालताना मी तिला हळूच म्हणालो, “मावशी, गोळ्यांचं जपून हं. डॉक्टरांना विचार.”

“गोळी टायमावर घेते की,” ती म्हणाली. “तीस वर्सं दवाखान्यात काढली, मला शिकवतो व्हय रे?”

मी हसलो आणि घरी आलो. एक दिवस निवांत गाठून तिला खरं सांगू असं ठरवलं. तो दिवस मी रोज पुढे ढकलत राहिलो. प्रयोगशाळेत नव्या प्लेटा लावल्या होत्या, धावण्याचं अंतर वाढत होतं. कारणांना तोटा नव्हता. आणि दर मंगळवारी-शुक्रवारी मी नि मावशी एका कोपऱ्यात शेजारी बसायचो, सगळ्यांच्या हातात बशा असताना आमच्या दोघांच्या हातात नुसतं पाणी. ती मला कोपराने ढोसायची आणि म्हणायची, “भूक लागली का? मला तर लय लागली.” आणि तोंडावर पदर धरून खुदुखुदु हसायची. मला अजिबात भूक लागलेली नसायची. मी साडेपाचला चार उकडलेली अंडी आणि पनीर खाऊन आलेलो असायचो.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी, शनिवारी पहाटे मावशी न्हाणीघरात पडली. शेजारीण पाणी भरायला उठली होती म्हणून आवाज तरी ऐकू आला. साखर इतकी उतरली होती की ती माणसं ओळखत नव्हती. कपाळाला पाच टाके पडले, मनगटाचं हाड मोडलं. आईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीचा नंबर घ्यायला रांगेत उभा होतो. नंबर घेतला, मगच दवाखान्यात गेलो. हेही लिहितो, कारण लिहायचंच तर सगळं लिहावं.

ती कॉटवर एवढीशी दिसत होती. हात प्लॅस्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद झालेला. मला बघून म्हणाली, “आठच दिस ऱ्हायले होते रे. मोडला उपास.” डॉक्टर तिला जेवायला लावत होते आणि तिला तेच लागलं होतं. ती माझी माफी मागत होती. मी तिचा चांगला हात धरून बसलो. निघताना ती म्हणाली, “आता तूच कर माझ्यासाठी प्रार्थना. लय भ्या वाटतंय बघ.”

“करतो,” मी म्हणालो.

घरी आलो. आईने विचारलं तेव्हा मावशी बरी आहे म्हणून सांगितलं. शर्टाला नंबर टाचला, दुसऱ्या दिवशीचे बूट काढून ठेवले, आणि नऊ वाजता झोपलो. कोचने झोप पुरी घे असं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी हातात झावळ्या घेऊन चर्चभोवती गात फिरत होती तेव्हा मी एकवीस किलोमीटर धावत होतो. दोन तास चार मिनिटं लागली. पदक मिळालं. त्या रात्री आणि त्या दोन तासांत मला मावशीची आठवण आली नाही असं नाही. आली, पण ‘आता नको’ म्हणून मी ती बाजूला सारली. प्रार्थना केली नाही. एक ओळसुद्धा नाही.

मंगळवारी तिला घरी सोडलं. गुरुवारी पाळकसाहेबांचा फोन आला : ईस्टरच्या उपासनेत मी साक्ष द्यावी, म्हणजे चाळीस दिवसांत देवाने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं. नव्या प्लेटांचे निष्कर्ष चांगले आले होते, हे त्यांना आईकडून कळलं होतं. म्हणजे उपास फळला होता!

शनिवारी दुपारी मी मावशीकडे गेलो. तिची एकच खोली, खिडकीत तुळशीच्या शेजारी कोरफड. एका हाताने ती चहा करत होती. मी तिला बसवलं, चहा मी केला, आणि कप तिच्यासमोर ठेवून एका दमात सगळं सांगितलं. उपास नव्हता, वजन उतरवत होतो. मान हलवली ती खोटी. सहाच्या आधी अंडी खायचो. तुझ्या गोळीचं मला माहीत होतं आणि लाज गेली असती म्हणून गप्प बसलो. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी तिच्या प्लॅस्टरकडे बघत होतो.

चहावर साय धरली.

“येकदा बी नाय?” शेवटी तिने विचारलं. “येवढ्या दिसांत परमेश्वराजवळ येकदा बी बसला नाय?”

“नाही, मावशी.”

“आन् मी तिथं पडले व्हते तवा? तवा तरी केली का रे?”

तिचा सुजलेला डोळा आता उघडला होता, पण अजून लाल होता. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. सगळं सांगायला आलो होतो आणि जवळजवळ सगळं सांगून झालं होतं. आता एवढंच राहिलं होतं.

“केली,” मी म्हणालो. “तेव्हा केली.”

तिने मोठा श्वास सोडला. चेहरा सैल झाला. “मंग झालं तर,” ती म्हणाली, आणि सायीसकट चहा प्यायली. वर मला म्हणाली, की हे बाकीचं मंडळीत बोलू नको, लोक तुला नावं ठेवतील, मी बघते काय ते. जिना उतरताना मला हलकं वाटत होतं. खरंच वाटत होतं. खाली गाडीपर्यंत पोचेस्तोवरच ते टिकलं.

ईस्टरला पाळकसाहेबांनी साक्षीसाठी माझ्याकडे हात केला. मी उठायच्या आधीच मावशी उभी राहिली. प्लॅस्टरचा हात गळ्यात, कपाळावर पट्टी. ती म्हणाली, त्याचं मी सांगते. उपासाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, “माझं कोन नाय. दवाखान्यात पडले तवा वाटलं, आता संपलं. तवा ह्या पोरानं माझ्यासाठी देवाजवळ मागणं केलं, म्हनून मी हितं उभी हाय.”

सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. आई पदराने डोळे पुसत होती. मावशीने मागे वळून माझ्याकडे बघितलं, माझं ‘आमेन’ व्हायचं राहिलं होतं म्हणून. मग मीही म्हणालो.