भट्टीच्या यंत्राचे शेवटचे बोल

माझ्या ताईला आनंद झाला की ती आधी चष्मा काढते, मग पुसते आणि मग कुठेतरी ठेवून विसरते. आमच्या पावाच्या कारखान्यात तिचा चष्मा प्रत्येकाने एकदा तरी शोधलाय; एकदा तो मैद्याच्या पोत्यावर सापडला होता. कारखान्यातले सगळे संगणक ती सांभाळते. मी पाव पिशव्यांत भरते. ती मला चिमणी म्हणते, कारण माझी चिवचिव थांबत नाही.

भिंतीवर थाप मारून पलीकडच्या भट्टीवाल्या काकांना ओरडून विचारण्यापेक्षा पुढची खेप भट्टीतून कधी येणार ते आमच्या टेबलावर दिसू दे, असं टुमणं मी महिनाभर तिच्यामागे लावलं होतं. शेवटी कंटाळून तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला, भट्टीच्या संगणकात अगदी खोल नेऊन बसवला आणि त्याला माझंच नाव दिलं, चिमणी. मी आठवडाभर मिरवत होते.

पुढे दोन-तीन महिन्यांनी भट्टीचा संगणक अधूनमधून कोसळायला लागला. भट्टीतून पाव पुढे नेणारा पट्टा थांबायचा, पाव आतल्या आत करपायचे आणि खापर फुटायचं भट्टीवाल्या काकांच्या डोक्यावर. सव्वीस वर्षं भट्टीसमोर उभा असलेला माणूस! नुसत्या वासावरून पाव कुठवर आलाय ते सांगतात. पण मॅनेजर म्हणाले, "वय झालंय त्यांचं, भलतीच बटणं दाबतात. पुढच्या सोमवारपासून त्यांना गोदामात पाठवतो." काकांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. मला रडू आलं. ताईला राग आला.

"संगणक कोसळताना आपले शेवटचे बोल लिहून ठेवतो," घरी ती मला सांगत होती. "त्यासाठी एक इवलीशी जागा असते, वीज गेली तरी पुसली न जाणारी. पुन्हा सुरू झाला की तो ती नोंद संग्रहात नेऊन ठेवतो आणि मूळ जागा पुसून मोकळी करतो."

"मग संग्रह वाच की."

"रिकामा आहे गं! दर वेळी रिकामा!"

मंगळवारी ती भट्टीशेजारी स्टूल टाकूनच बसली. दहाच्या सुमारास पट्टा थांबला. काकांनी खटका बंद केला, चालू केला. संगणक उठला. मग त्यांनी शांतपणे दहापर्यंत मोजलं आणि तो पुन्हा बंद करून चालू केला.

"काका, दुसऱ्यांदा कशाला?"

"एकदा करून त्याला पटत नाही गं. मी पहिल्यापासून दोनदाच करतो."

ताईने चष्मा काढला. मला तेव्हाच कळलं, काहीतरी सापडलंय!

मैद्याच्या धुळीने आधी दोन डिस्क खाल्ल्या होत्या. म्हणून यंत्र बसवणाऱ्यांनी रोजचं सगळं लिखाण तात्पुरत्या, बंद होताच कोरी होणाऱ्या मेमरीत ठेवलं होतं, अगदी तो संग्रहसुद्धा. पहिल्या खटक्याला नोंद संग्रहात जायची आणि मूळ जागा पुसली जायची. दुसऱ्या खटक्याला संग्रहच नाहीसा व्हायचा. स्वतःच्या बाजूचा पुरावा काका दर वेळी, अगदी मनापासून, आपल्याच हाताने पुसत होते!

ताईने सेटिंग बदलली. संग्रह धुळीपासून लांब, बंद पेटीतल्या डिस्कवर नेला आणि मूळ नोंद आपोआप पुसायची नाही असं ठरवून टाकलं. "जागा भरली तर?" मी विचारलं. "वाचून झालं की मी हाताने पुसेन," ती म्हणाली. खटक्यावर तिने कागद चिकटवला: एकदाच!

आणि मग कधी नव्हे ते सगळा कारखाना यंत्र बंद पडायची वाट बघू लागला. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तर संगणक इतका गुणी वागला की मी त्याला शिव्या घातल्या. मेलं, एरवी दर दोन दिवसांनी आडवं होतं!

शनिवारी अकरा वाजता करपल्याचा वास आला. मी हातातली पिशवी टाकून धावले. काकांनी खटका एकदा दाबला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. दहापर्यंत मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

"आली! नोंद आली!" ताई ओरडली. आम्ही टाळ्या पिटल्या, कुणीतरी शिट्टी मारली. ताई वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एक शब्द ओळखीचा होता. माझं नाव.

ते वाचणारी कारखान्यात ती एकटीच होती. तिला काहीही सांगता आलं असतं, हार्डवेअर बिघडलंय म्हणाली असती तरी खपलं असतं.

"साहेब!" तिने मॅनेजरांना हाक मारली. "काकांनी काही केलेलं नाही. चूक माझी आहे. माझा प्रोग्राम यंत्राला पाडतोय. इथे लिहिलंय, बघा!"

मॅनेजर तिच्याकडे बघतच राहिले. "मग तू हसतेस कशाला?"

"सापडलं ना!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि चष्मा कुठेच नव्हता.

काकांनी ॲप्रनच्या खिशातून तो काढला, फुंकर मारून मैदा उडवला आणि तिच्या हातात दिला.

ताईने तो चिमणी प्रोग्राम काढून टाकला. सोमवारी मी पूर्वीसारखी भिंतीवर थाप मारून ओरडले, "काका, किती वेळ?"

पलीकडून भट्टीशेजारून उत्तर आलं, "चार मिनिटं!"