आयलीनं बांधलेली गाठ

आयली गेली तेव्हा तिचा गुलाबी फुलांचा वेल अजून व्हरांड्यातच होता. पहिला बर्फ पडायच्या आत तिच्या नवऱ्यानं, रेनोनं, तो छाटला आणि कुंडीसकट तळघरात नेला, ती दरवर्षी न्यायची तसा. "पाणी नावाला दे, आणि ईस्टरपर्यंत त्याचं तोंड पाहू नकोस," असं ती त्याला आजारपणात बजावून गेली होती. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

मी शेजारची, आयलीची मैत्रीण. शनिवारी सॉना, म्हणजे घरातली वाफेच्या अंघोळीची खोली, न तापवणारा फिनिश माणूस अख्ख्या डुलुथ गावात मी पाहिला नव्हता. या हिवाळ्यात मात्र रेनोनं तो बंदच ठेवला.

"अंघोळ सोडलीस की काय?" मी चिडवलं.

"सॉना तळघरात आहे ना, हेल्मी. ऊब लागली तर वेल अवेळी फुटेल."

एवढं शहाणपण केलं, पण दुसरीकडे माती खाल्ली. वेल जिवंत आहे का, ते नखानं जराशी साल खरवडून बघतात. आत हिरवं दिसलं की गप्प बसायचं. हा आयलीची आठवण आली की खाली जाऊन खरवडायचा. आणि आठवण तर त्याला सारखीच यायची.

मार्चमध्ये मी वेलदोड्याचा पाव घेऊन गेले, तर त्यानं मला तळघरातच नेलं. खोड शेंड्यापासून पार सोललेलं, वाळलेलं. मला रागच आला.

"काय करून ठेवलंस हे? मांजर पाळलंयस का?"

"हिरवं दिसलं की बरं वाटायचं," तो म्हणाला. "आता कुठंच दिसत नाही. तिचं एवढंसुद्धा मला सांभाळता आलं नाही."

मलाही ती हवीच होती.

वाकून बघितलं तर मातीलगत, वेल काठीला बांधून ठेवणारी आयलीच्या जुन्या मोज्याची पट्टी दिसली. तेवढ्या जागी नख लागलं नव्हतं.

"हे कसं सोडलंस?"

"तिनं बांधलंय. हात लावावासा वाटला नाही."

पट्टीखाली एक हिरवा कोंब दबून वाकडा झाला होता. मी तिथलीच छाटणीची कात्री पुढे केली. रेनोनं ती घेतली नाही. गाठ बोटांनीच सोडवत बसला, सुटू नये असं वाटत असल्यासारखा. सुटली तेव्हा पट्टी हातात धरून राहिला.

"आता परत बांधायची कशी?" तो म्हणाला. "ती बांधायची तेव्हा मी कधी नीट बघितलंच नाही."