थंड इंजिन

शेवटच्या भेटीत मी मिलिंदशी भांडलो, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वॉर्डात मी त्याच्या पलंगाशेजारी बसलो होतो. नर्स आली आणि तिने विचारलं, वेदना एक ते दहामध्ये किती? मिलिंद तोंडभर हसून म्हणाला, "टू." पांघरुणाआड त्याची मूठ पलंगाच्या कठड्याभोवती अशी आवळली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिने तो 'टू' नोंदवला आणि ती गेली. मी भडकलो. "ऑफिसात स्क्रीनवरचं एक बटण वाकडं दिसलं तर चूक किती गंभीर, यावरून अर्धा दिवस भांडतोस, आणि इथं टू?" तर म्हणतो, "अबे, तिला किती पेशंट आहेत. काहून त्रास द्यायचा?" त्याच आठवड्यात तो गेला. आता काही आठवडे झाले, पण राग काही जात नाही.

मिलिंद नागपूरचा, मी पुण्याचा. इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये एकाच कंपनीत लागलो आणि मैत्री झाली. तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. दुसऱ्याने केलेल्या कामातली चूक शोधायची, याचाच पगार. 'सगळं व्यवस्थित चालतंय' या वाक्यावर त्याने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला नॉटिंगहॅमपर्यंत पुस्तकं, खुर्च्या, स्पीकर, मंडपाचे खांब न्यायची जबाबदारी त्याची. एका वर्षी भाड्याची व्हॅन आयत्या वेळी आलीच नाही आणि स्वारीने ठरवलं, आपला स्वतःचा पिकअप ट्रक घ्यायचा. डिझेल नको, गावातल्या छोट्या फेऱ्यांनी त्याचा फिल्टर चोंदतो. पेट्रोलवरचाच हवा, आणि भरपूर वजन ओढणारा. आता या देशात असा ट्रक म्हणजे अमेरिकेहून आलेला, जुना, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेला. मी म्हटलं, "हा पांढरा हत्ती पोसणार कसा?" तो म्हणाला, "हत्तीशिवाय जयंतीची मिरवणूक निघते काय बे?"

मग आमचे शनिवार सुरू झाले. कुठेही गेलो तरी मिलिंद आधी मालकाशी बोलायचा नाही, टायर बघायचा नाही. सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचा. कोमट लागलं की संपलं. कॉव्हेंट्रीच्या बाहेर एका गृहस्थाने ट्रक आरशासारखा चकचकीत करून ठेवला होता, आमच्यासाठी चहासुद्धा टाकला होता. मिलिंदने हात ठेवला, थँक यू म्हटलं आणि परत फिरला. माझा चहा राहिला तो राहिलाच. गाडीत मी कावलो, तर म्हणतो, "त्यानं आधीच चालू करून ठेवली होती. गरम झालं की लोखंड फुगते, फटी बुजतात, आवाज बंद. खरं काय ते इंजिन थंड असतानाच बोलते. जो गरम करून दाखवतो, तो लपवतो."

शेवटी ट्रक मिळाला तो एका म्हाताऱ्या बाईंकडे. नवरा वारल्यावर त्या विकत होत्या. बॉनेट बर्फासारखं गार. "सकाळी जरा कुरकुरते हो, ऐकून घ्या," असं त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि किल्ली फिरवली. टक टक टक टक... पाचेक मिनिटांनी आवाज विरला. मिलिंदचा चेहरा असा खुलला, जणू मुलगी पसंत पडली. म्हणाला, "दोष असलेली गाडी चालते. दोष लपवणारी नाही चालत."

त्या ट्रकात मी किती बसलो! स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मी उजवीकडे. आणि मिल्टन कीन्समध्ये दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचा गोल चौक. प्रत्येक ठिकाणी तो ओरडायचा, "मान मागे घे!" कारण उजवीकडून येणाऱ्या गाड्या त्याला माझ्या डोक्याआड दिसायच्या नाहीत. अजूनही कोणाच्याही गाडीत राउंडअबाउट आलं की मी मान मागे घेतो.

...आणि हाच माणूस स्वतः डॉक्टरकडे कसा जायचा? हे तो गेल्यावर त्याच्या बायकोने, शुभांगी वहिनींनी सांगितलं. पोटाच्या वर दुखायचं, कळ थेट पाठीत जायची. किती महिने, कोण जाणे. अपॉइंटमेंटच्या दिवशी हा गुळगुळीत दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि निघण्याआधी पेनकिलरच्या दोन गोळ्या घ्यायचा. का? तर डॉक्टरसमोर कण्हत बसणं बरं दिसत नाही. बाहेरून आलेली माणसं उगाच तक्रारी करतात असं वाटायला नको. डॉक्टरने विचारलं, कसे आहात? "नॉट टू बॅड." दोनदा गेला, दोनदा हेच. खरा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता. समोरच्याने काय करावं? त्याच्यापुढे गरम करून ठेवलेली गाडी उभी होती! जयंतीच्या स्टेजवरून मुठी आवळून सांगायचा, सहन करू नका, तोंड उघडा, बोला. लोका सांगे ब्रह्मज्ञान. आपली माणसं डॉक्टरकडेही पाहुण्यांकडे जावं तशी जातात, आणि वर त्याला सोशिकपणा म्हणतात. कसला सोशिकपणा? मला त्याची चीड येते.

गेल्या शनिवारी ट्रक बघायला एक जण येणार होता. छपरांची कामं करणारा तरुण. वहिनींना तो ट्रक दारात उभा बघवत नाही, म्हणून विकायचं ठरलंय. मी सकाळीच गेलो. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तो यायच्या आधी जरा चालू करून ठेवता का? गार असली की फार वाजते. त्याला वाटेल, बिघडलीये."

"नाही," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण त्या दचकल्या. मग त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

तो आला. मी त्याला म्हटलं, आधी बॉनेटवर हात ठेव. त्याने ठेवला. मग मी डावीकडे मिलिंदच्या जागेवर बसलो आणि किल्ली फिरवली. टक टक टक टक... शेजाऱ्यांचा पडदा हलला. तरुणाने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "हे काय?"

मी उतरलो, बॉनेट उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. "हिला इथे दुखतं," मी म्हणालो.

एवढंसं वाक्य. इंग्रजीत तर आणखी छोटं होतं. तुला ते कुठल्याच भाषेत जमलं नाही, गाढवा.